गिअरबॉक्स काढलेली मोटार

सेक्टर १०च्या मागच्या रस्त्याला मोहाचं एक झाड अजून उरलंय. चैत लागला की सकाळी फिरायला निघाल्यावर झाड दिसायच्या आधी त्याचा वास येतो. गोडसर, जरा आंबलेला, डोक्यात चढणारा. डांबरावर फुलं पडलेली असतात आणि त्यांच्यावरून स्कूटरी गेलेल्या असतात. सून म्हणते, "बाबा, उधर से मत जाया करो, कुत्ते बहुत हैं." नातवाला मराठी कळते, पण उत्तर तो हिंदीतच देतो. मी दोघांनाही मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं जातो. बाकीचे ऋतू आले तसे जातात, त्यांची मला फारशी आठवण राहत नाही. एक चैत मात्र साठ वर्षं माझ्याजवळ राहिलाय.

तेव्हा इथं सेक्टर नव्हते, रस्ते नव्हते. पोलादाचा कारखाना उभा राहत होता. पहिली भट्टी पेटायची होती आणि क्षितिजावर लोखंडाचे नुसते सांगाडे दिसत. बाकी सगळा लाल मुरूम. डंपर गेला की उठलेली धूळ दुसरा डंपर येईपर्यंत खाली बसत नसे. भाकरीत ती, पाण्यात ती, बायकांच्या केसांच्या भांगात ती. घाम आला की गालांवरून लाल ओघळ उतरायचे. मद्रासी, पंजाबी, बंगाली, आंध्राकडचे, आमच्या विदर्भातले, आणि पांढऱ्या टोप्या घालून उन्हात लालबुंद होणारे रशियन साहेब. ज्याला त्याला कशाची तरी घाई होती. त्या गर्दीत इथला म्हणावा असा माणूस शोधावा लागे, आणि सापडला तर तो डोक्यावर घमेलं घेतलेला असायचा.

मी तुमसरकडचा. घरी धानाची शेती, पण पाच भावांत माझ्या वाट्याला बांधच आले असते. म्हणून नागपुरात एका गॅरेजात मोटारीचं काम शिकलो आणि चोविसाव्या वर्षी इथं एका कंत्राटदाराच्या शेडमध्ये मेकॅनिक म्हणून लागलो. शेड म्हणजे लोखंडी खांब, वर पत्रे, मधोमध गाडीखाली उतरून काम करायला खणलेला खड्डा. दुपारी पत्रे तापले की पाना हातात धरवत नसे. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सुशीलाला घेऊन कॅम्पातल्या एका खोलीत राहायचो. तिला हिंदी येत नव्हती. मी कामावर गेलो की ती दिवसभर दाराशी बसून धूळ बघायची.

शेडमध्ये मनराखन मजूर होता. गाड्या ढकलणं, सुटे भाग रॉकेलमध्ये धुणं, जड सामान उचलणं ही त्याची कामं. चाळिशी ओलांडलेला, बारीक, काटक, कानात पितळेची बाळी. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला शेडच्या मागं नेलं, जिथं ऑइलचे रिकामे ड्रम रचलेले असत, आणि पायानं जमीन दाखवून म्हणाला, "ए हर मोर खेत रहिस, भइया." हे माझं शेत होतं. बोलण्यात ना राग, ना रडणं. कोणत्या कोपऱ्यात पाणी थांबायचं, कुठलं धान तिथं चांगलं यायचं, हे तो ड्रमांकडे बोट करून सांगत होता आणि मला ते सगळं समजत होतं, कारण आमच्याकडेही धानच. त्या दिवसापासून जेवायला आम्ही एकत्र बसू लागलो.

तो एकदा घरी आला आणि सुशीलाची चूल बघून हसला. दुसऱ्या दिवशी कुठूनशी काळी माती आणून त्यानं तिला नवी चूल घालून दिली. मग येताना कधी लाल भाजी, कधी फडक्यात बांधलेली मोहफुलं. तिला 'बहिनी' म्हणायचा. तिची मराठी, त्याची छत्तीसगढी, आणि दोघं तासभर बोलत बसायचे. या मुलखात सुशीला पहिल्यांदा हसली ती त्याच्याशी बोलताना. हे मी पाहिलेलं आहे.

आमचे फोरमन वानखेडे. नागपूरचेच. पन्नाशीचे, तोंडात कायम सुपारी, कामात पक्के, पण आपला शब्द खाली पडलेला त्यांना चालत नसे. वाईट माणूस म्हणता येणार नाही. सुशीलाला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनीच मला दोन दिवस घरी पाठवलं होतं.

त्या चैतात कंत्राटदारसाहेबांची काळी मोटार शेडमध्ये आली. इंजिन चालू करून गाडी उभी ठेवली की आतून घरघर यायची, जात्यात खडा अडकल्यासारखी. वानखेडेंनी बॉनेटवर कान ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "इंजिनचं बेअरिंग गेलं हाये. उतरवा इंजिन."

मी दोन दिवस ती गाडी ऐकत होतो. क्लच दाबला की आवाज जात होता, सोडला की परत येत होता. मला वाटलं, दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये आहे. तसं मी सगळ्यांसमोर बोललो.

वानखेडेंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "क्लच दाबल्यावर इंजिनच्या शाफ्टवरही जोर येते, माहीत हाये का तुले? त्यानंही आवाज बदलते. मले शिकवून राहिला का तू?"

"शिकवून नाही राहिलो, साहेब. गिअरबॉक्स काढून नुसतं इंजिन चालवून पाहू. आवाज आला त इंजिन उतरवतो. नाही आला त इंजिनले हात कायले लावायचा?"

शेडमधले सगळे काम थांबवून बघत होते. आज वाटतं, त्यांनी रागावून मला हाकलायला हवं होतं. पण ते कारागीर होते. माझं बोलणं त्यांना पटण्यासारखं होतं आणि तेच त्यांना खटकत होतं. म्हणाले, "चाल, दाखव मंग."

गिअरबॉक्स काढल्यावर इंजिन चालवणं यात जादू काही नाही, फक्त जपावं लागतं. त्या गाडीत इंजिनचा मागचा भार गिअरबॉक्सच्या टेकूवर असायचा. गिअरबॉक्स उतरला की इंजिनची मागची बाजू लोंबते, तिला खालून आधार द्यावा लागतो. इंजिन चालू करणारा सेल्फ ज्या घरात बसतो ते घरही गिअरबॉक्सबरोबर निघतं, म्हणून पुढून हँडल मारूनच इंजिन चालू करायचं. आणि एरवी त्या घरात झाकलेलं असतं ते जड चाक, फ्लायव्हील, क्लचच्या झाकणासकट उघडं पडतं. उघडं चाक गरगरत असतं आणि खाली खड्ड्यात उभ्या माणसाच्या ते बरोबर तोंडासमोर येतं.

आम्ही खड्ड्यावर दोन फळ्या आडव्या टाकल्या, त्यांच्यावर सागाचा ठोकळा ठेवला आणि इंजिन त्यावर टेकवलं. मी मनराखनला म्हणालो, "तू खाली उभा राह्य. ठोकळा सरकला त ओरड, मी लगेच बंद करतो." ऊन होतं म्हणून त्यानं गमछा डोक्याला बांधला होता. खाली उतरताना तो त्यानं सोडला आणि हाताला गुंडाळला, लोखंड तापलेलं होतं म्हणून. मी पाहिलं. उघड्या चाकाजवळ हाताला कापड नको, हे मला नागपुरात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी त्याला ते बोललो नाही. माझं सगळं लक्ष वानखेडेंकडे होतं.

दुसऱ्याच हँडलला इंजिन सुरू झालं. अंगावर ओझं नसलेलं इंजिन किती हलकं चालतं, हे ज्यानं ऐकलं त्यालाच कळेल. घरघर नव्हती. खडा नव्हता. एकसारखा, गोल आवाज. शेडमधल्या लोकांच्या माना हलल्या. वानखेडे म्हणाले, "ठीक हाये. बंद कर आता."

त्यांनी 'बंद कर' म्हटलं होतं. हे मी तेव्हा कागदावर लिहिलं नाही, म्हणून आता लिहितोय.

मी बंद केलं नाही. मला वाटलं, शेडच्या टोकाला उभ्या असलेल्यांनीही ऐकावं. वेगातही आवाज नाही, हे दिसावं. मी बॉनेटखाली हात घालून रेस दिली. इंजिन गरजलं, मी अजून दिली. पत्रे थरथरू लागले. मी हसत होतो, ते मला आठवतं. मग इंजिन एकदम एका अंगाला कलंडलं, काहीतरी फटकन वाजलं, आणि इंजिन आपोआप बंद पडलं.

मग खड्ड्यातून आवाज आला. तो कसा होता ते मी सांगणार नाही.

ठोकळा सरकला होता. इंजिन माझ्या बाजूला पडू नये म्हणून मनराखननं उजव्या हातानं तो दाबून धरला होता, आणि हाताचा गमछा फिरत्या चाकानं ओढून घेतला होता.

त्याला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेत लाल धूळ, डंपर, घमेली घेतलेल्या बायका, सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

सुशीलाला सांगितलं तेव्हा ती पिठात हात घालून बसली होती. तिनं ते हात तसेच डोळ्यांना लावले. मग उठून भात टाकला, डबा भरला आणि म्हणाली, "नेऊन द्या त्यायले." रोज डबा भरायची. पहिले तीन-चार दिवस मी खाटेपर्यंत नेला. नंतर वॉर्डातल्या माणसाच्या हातात देऊन परत फिरू लागलो. मनराखन मला बघून हसायचा आणि ते हसणं मला सोसत नव्हतं.

आठवड्यानं वानखेडेंनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. कागद पुढं ठेवला. वरून चौकशी आली होती.

"लिही," ते म्हणाले. "इंजिन हळू चालू होतं. मजूर न सांगता खड्ड्यात उतरला. कोणाले आवाज न देता त्यानं हात घातला."

मी म्हणालो, "साहेब, मीच उतरवलं त्याले."

"मले माहीत हाये. अन् मी बंद कर म्हटल्यावर रेस कोणं देली, तेही मले माहीत हाये." ते हळू बोलत होते. चिडलेले नव्हते, थकलेले दिसत होते. "खरं लिहिलं त तू जाशील. अशी मोटार चालवू देली म्हणून मीही जाईन. त्याचा हात त काही येत नाही परत. आपल्याकडचा हायेस म्हणून सांगून राहिलो. घरी नवी बायको हाये तुह्या."

मी विचार केला असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे त्यांचं बोलणं संपायच्या आधीच मी पेन उचललं होतं. माझं अक्षर चांगलं होतं. तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली. गिअरबॉक्स उघडला तेव्हा बेअरिंग खरंच फुटलेलं निघालं. त्याबद्दल शेडमध्ये कोणी काही बोललं नाही. मनराखनचं नाव मस्टरवरून कापलं गेलं. महिनाभरात मोटार साहेबांना घेऊन दुर्ग स्टेशनकडे धावू लागली.

वैशाख आला. उन्हाच्या झळा, दुपारी ओस पडणारे रस्ते, मोहाची फुलं संपून झाडाला आलेली तांबडी पालवी. मी घरी कमी बोलू लागलो होतो. सुशीला विचारायची, "तुमी कावून जेवून नाही राहिले?" मी उन्हावर ढकलायचो. एका रविवारी ती म्हणाली, "मनराखनभाऊच्या घरी जाऊन या. आता दवाखान्यात नाही म्हणते ते."

सायकलनं गेलो. हथखोजच्या बाजूला, जिथं आज कारखान्यांच्या भिंतीला भिंती लागल्यात, तिथं तेव्हा माळ होता. जमिनी गेलेल्या काही घरांनी तिथं झोपड्या घातल्या होत्या. मनराखन दाराशी बसून डाव्या हातानं सुंभ वळायचा प्रयत्न करत होता. सुंभाचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, वळलेला पीळ पुन्हा पुन्हा उलगडत होता. मला बघून त्यानं बायकोला हाक मारली. तिनं माझ्यापुढं पाण्यातला भात ठेवला, मीठ आणि कांद्यासकट. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी खाली मान घालून सांगून टाकलं. कागदावर काय लिहिलं ते सगळं. तू न सांगता उतरलास, तू आवाज दिला नाहीस, असं लिहिलंय म्हणून.

त्यानं सुंभाचं टोक अंगठ्यातून सोडलं. "मैं तो गोहराय रहेंव, भइया," तो म्हणाला. मी तर हाक मारली होती. "मोटर के आवाज मा तैं नइ सुन पाय."

मग माझी समजूत घालावी तसं म्हणाला, की त्या कागदावर त्याचाही अंगठा आहे. दवाखान्यात एक बाबू आला होता, अंगठा लाव म्हणाला, म्हणजे औषधपाण्याचं सगळं होऊन जाईल. यानं डावा अंगठा लावला. काय लिहिलं होतं ते त्याला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. "तैं संसो झन कर," तो म्हणाला. काळजी करू नको.

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित माणूस म्हणून परत आलो असतो. माफी मिळाल्यावर मोकळं वाटतं असं लोक म्हणतात. मला त्या माळावर गुदमरल्यासारखं झालं. कधी एकदा सायकलवर बसतो असं झालं.

निघताना तो सायकलीच्या मागं चार पावलं चालत आला. "कोनो काम होही त मोला बताबे. पहरेदारी, पानी भरना. एक हाथ ले घलो हो जाही." काही काम असलं तर सांग, एका हातानंही होईल.

मी म्हणालो, "बोलतो साहेबाले. या हप्त्यातच बोलतो."

मी बोललो नाही. बोलायला गेलो तर त्या कागदाची गोष्ट निघेल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण कारण तेवढंच नव्हतं. तो शेडमध्ये आला असता तर रोज दुपारी माझ्यासमोर बसून डाव्या हातानं जेवला असता. ते मला बघायचं नव्हतं.

जेठात तो शेडच्या फाटकाशी आला. चौकीदार मला सांगत आला, "आपसे मिलने कोई आया है. एक हाथ नहीं है." मी एका ट्रकखाली होतो. तिथूनच म्हणालो, "बोल दो, बाहर गाड़ी पर गया है." आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच सांगितलं. त्या वेळी पत्र्याच्या फटीतून मला तो दिसत होता. फाटकाबाहेर सावली नव्हती. तो उकिडवा बसून राहिला होता, दुपारची शिटी होईपर्यंत. मग उठला, धोतर झटकलं आणि ज्या वाटेनं आला होता त्या वाटेनं गेला.

तिसऱ्यांदा तो आला नाही. शिटी झाली की माझी नजर आपोआप फाटकाकडे जायची. पाऊस सुरू झाला, लाल धुळीचा लाल चिखल झाला, डंपर रुतू लागले आणि आमच्या शेडमध्ये काम वाढलं. श्रावणात एका दिवशी वानखेडे घरी गेले होते, साहेब नव्हते, आणि मला एकदम काय झालं कोण जाणे, मी हातपाय न धुता सायकल काढली. चिखलात अर्धी वाट ती खांद्यावर घेऊन गेलो. ठरवलं होतं, त्याला बरोबरच घेऊन यायचं. वानखेडे परत आले की त्यांच्यापुढं उभं करायचं, मग जे होईल ते होवो.

झोपडीत दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "कमाय-खाय बर चल दिस." पोटापाण्यासाठी गेले. कुठं, विचारलं, तर तिनं पश्चिमेकडे हात केला. "नागपुर कोती." नागपुरात कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं. नागपूर म्हणजे तिच्या लेखी एक दिशाच होती.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. सुशीला दारात उभी होती. माझ्या पायांचा चिखल बघूनच तिनं ओळखलं मी कुठं गेलो होतो. तिचा चेहरा उजळला.

"भेटले का जी मनराखनभाऊ?"

मी पायावर पाणी घेत होतो. म्हणालो, "भेटले."

"हात?"

"बरा हाये आता. काम लागलं त्यायले. पहरेदारीचं."

"बरं झालं माय," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं माझं ताट केलं. त्या दिवशी मी पोटभर जेवावं म्हणून समोर बसून राहिली. पुढं आम्हाला क्वार्टर मिळालं, मी कंत्राटदाराकडून प्लांटमध्ये लागलो, मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. कधी कोणी नशिबाच्या गोष्टी काढल्या की ती शेजारणींना सांगायची, माणसानं माणसाला विसरू नये, आमच्या यांनी चिखल तुडवत जाऊन एका माणसाला कामाला लावलं होतं. मी तिथंच पेपर घेऊन बसलेलो असायचो. चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर मी तिला एकदाही थांबवलं नाही.